अर्ध्या वाक्याच्या पाच प्रती

शिरूर,
बुधवार, दुपार

आदरणीय दाजी यांस,

नवनाथचा सविनय जयभीम. पत्रास कारण आहे. पण ते सगळ्यात शेवटी येईल, तोवर तुम्ही चष्मा लावून, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावं. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावल्यापासून तुम्ही रोज संध्याकाळी दौंड स्टेशनच्या पुलावर चढता आणि गाड्या वेळेवर आहेत की नाही ते बघता, असं ताई सांगत होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तुम्ही बघितल्याशिवाय गाड्यांना सुटावंसं वाटत नसेल, त्याला कोण काय करणार. ताईची शुगर आणि ताईचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. त्यातलं दुसरं हे पत्र वाचून झाल्यावरही आटोक्यात राहावं एवढंच मागणं. इकडे सविता उत्तम, दीक्षा ठीक, मी आहे. (ही भाजणी उतरती आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच.)

तुम्हाला पहिली शंका ही येईल की शिरूर ते दौंड एवढंसं अंतर, खिशात फोन, आणि या माणसाने पत्र का लिहिलं. ताईचे पाच फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही, हे खरं. एकदा वह्या तपासत होतो, एकदा आंघोळीला होतो, आणि उरलेल्या तीन वेळा फोन हातात धरून त्याच्याकडे बघत होतो. माझं काही बिनसलं असलं की ताईला ते पहिल्या ‘हॅलो’तच कळतं. तिने मला कडेवर वागवलं आहे, त्यामुळे माझं रडं सुरू व्हायच्या आधी ओळखायची तिला सवय आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर तुम्ही वाचलं की निळ्या खुणा येतात, आणि निळ्या खुणांपासून उत्तरापर्यंतचा काळ सोसायची माझी छाती नाही. पत्राचं बरं असतं. वाचणाऱ्याचं तोंड लिहिणाऱ्याला दिसत नाही. दीक्षा उद्या रविवारच्या तयारीला ताईकडे येते आहे, तिच्या हाती देतो. पाकीट डिंकाने चिकटवून वर दोन पिना मारल्या आहेत, त्या काढताना बोटाला जपा.

आता विषय. तो तुम्हाला ठाऊक आहे, पण मागचा धडा सांगितल्याशिवाय पुढचा सुरू करणं आम्हा शिक्षकांना जमत नाही. तुमच्या सेवापूर्तीच्या समारंभाची जी डिस्क आहे, जी दरवर्षी तुमच्या आईच्या, गिताआईंच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला वंदना झाल्यावर आणि जेवणाआधी आपण लावतो, ती गेली दोन वर्षं अडखळायला लागली होती. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, तुमचे साहेब हार घालता घालता गोठायचे. मग आपण सगळं पुढे ढकलून शेवटच्या बावीस सेकंदांवर यायचो, कारण बघायचं असतं ते तेवढंच. चॉकलेटी नऊवारीतल्या गिताआई माइक मुसळासारखा दोन्ही हातांनी धरतात आणि म्हणतात, ‘मला काय भाषान येत न्हाई. पन एक सांगते. ह्यो माझा बबन नोकरीवर पैल्यांदा गेला, त्या दिशी मी…’ आणि पडदा निळा होतो. शूटिंगवाल्याची कॅसेट तिथे संपली. गिताआईंचा आवाज एवढाच उरला आहे. त्याआधी त्या कधी कुठल्या यंत्रापुढे बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर दोन वर्षांत गेल्या. निळा पडदा आला की आपण सगळे आपापलं शेपूट जोडतो. ताई म्हणते, ‘…त्या दिशी मी भाकरी बांधून द्यायची इसरले.’ दीक्षा म्हणते, ‘…त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.’ मी काहीतरी ‘कृतार्थ’ वगैरे शब्द घालून जोडतो, त्यावर कोणी हसत नाही. तुम्ही काहीच जोडत नाही. तुम्ही उठून टीव्ही बंद करता आणि विचारता, ‘पानं वाढली का?’

महिन्यापूर्वी तुमच्या ओट्यावर बसून मी म्हणालो, ‘ताई, या डिस्कच्या पाच प्रती करतो. रविवारच्या कार्यक्रमाच्या आत. मी आहे ना.’ हे शेवटचे तीन शब्द मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारले तेव्हा तेव्हा कोणाला तरी निस्तरावं लागलं आहे. पण ताईने विश्वास ठेवला. कपाटातून, लग्नाच्या शालूच्या घडीतून, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली डिस्क तिने काढली आणि बाळंतिणीने पाहुण्याच्या हातात मूल द्यावं तशी दिली. म्हणजे हात पुढे केले, पण लवकर सोडले नाहीत. एसटीत सविता म्हणाली, ‘पाच करतो म्हणालात. एक तरी परत न्या म्हणजे झालं.’ (डिस्क सुखरूप आहे. तिच्यावर एक ओरखडा नाही. होती त्यापेक्षा स्वच्छ आहे म्हणा ना.)

आमचा संगणक तुम्ही पाहिला आहे. दीक्षा बालवाडीत असताना शिरूरच्या बाजारपेठेतलं एक सायबर कॅफे बंद पडलं, त्याच्या सामानातून मी तो घेतला. तेव्हा तो पांढरा होता. आता त्याला जुन्या पोथीच्या पानाचा रंग आला आहे आणि चालू करताना तो घसा खाकरल्यासारखा आवाज करतो, त्यामुळे आमचं बरं जमतं. प्रश्नपत्रिका टंकायला त्याच्याइतका सज्जन दुसरा नाही. पण त्याच्या तोंडाशी डिस्क घालायचा जो कप्पा आहे तो फक्त सीडी वाचणारा. डीव्हीडी दिली की थोडा वेळ घोळवतो आणि न चावता परत करतो. तेव्हा तो काढून त्या जागी डीव्हीडी रायटर बसवायचा, म्हणजे वाचणाराही तोच आणि लिहिणाराही तोच, असं मी ठरवलं. सविता म्हणाली, कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत द्या, चहा पिऊन होईस्तोवर करून देतील. पण मी ‘मी आहे ना’ म्हणालो होतो, ‘फोटो स्टुडिओ आहे ना’ असं म्हणालो नव्हतो.

तुम्ही मला फोनवर एकच सल्ला दिला होता. ‘आरं नवनाथ, सामान घ्यायच्या आधी आतली वायर बघ. बारामतीच्या जुन्या छोट्या गाडीच्या रुळावर मोठं इंजिन चढवायला गेलास तर इंजिनाचा दोष नसतोय.’ मी तुम्हाला काय उत्तर दिलं ते आठवतं का? ‘बघितली, दाजी.’ ती मी बघितली नव्हती. आज कबूल करतो. मी टॉर्च घेऊन डब्याच्या मागच्या जाळीच्या भोकांतून आत डोकावलो होतो, आणि मला दिसली ती धूळ आणि एक कोळिष्टक. डबा उघडला नाही, कारण त्याच्या फटीवर त्या सायबर कॅफेने चिकटवलेला कागद होता: ‘हा कागद फाटल्यास हमी रद्द.’ कॅफे बंद पडून अठरा वर्षं झाली, मालक कुठे गेला ते त्याच्या घरच्यांनाही माहीत नसेल. पण लिहिलेल्याचा मान राखायचा अशी मला शिकवण. आणि आपल्या घराण्यात ज्यांना लिहिलेलं वाचू दिलं गेलं अशांत माझा नंबर फार मागचा नाही, त्यामुळे एकदा वाचता आलं की मी जरा जास्तच मानतो.

पहिला रायटर दीक्षाच्या फोनवरून मागवला. त्यावर ‘इंटर्नल’ असं लिहिलं होतं. मी अनुमान केलं: जिथे धूर तिथे अग्नी, जिथे इंटर्नल तिथे आत बसणं. न्यायशास्त्राला हे मान्य झालं असतं, डब्याला झालं नाही. तो लॅपटॉपच्या आत बसणारा होता, पातळ, पापडासारखा. आमच्या संगणकाच्या रुंद खाचेत ठेवला तर थोरल्याचा सदरा धाकट्याने घातल्यासारखा दिसायला लागला. मी त्याच्याखाली संस्कृतची दोन जुनी पाठ्यपुस्तकं घालून बघितली. (तीही आत गेली. बाहेर काढताना त्रास झाला. एक अजून पूर्ण निघालेलं नाही.)

दुसरा रायटर मापाचा घेतला. रुंदी बरोबर, उंची बरोबर, तोंड काळं, पण रंगाचा मी कधी विचार केला नाही. यावेळी कागदाला धक्का न लावता पुढची झाकणी काढून तो सरकवला, तर बोटभर जाऊन अडला. मागे जोडायला वायर हवी आणि वायर कागदाच्या पलीकडे. तेव्हा मी काय केलं, तर संगणकाचा सगळा सीपीयू सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि एसटीने शिक्रापूरला निघालो. बस भरलेली. शेजारी एक म्हातारी होती, तिने चादरीकडे बघून मायेनं विचारलं, ‘आजारी हाय का?’ मी म्हणालो, ‘हो.’ ती सरकून बसली. पुढे कारखान्यांच्या पाळ्या सुटलेल्या, ट्रकच्या रांगा लागलेल्या. तासभर बस जागची हलली नाही आणि म्हातारी मधूनमधून चादरीवर हात ठेवून ‘तापलंय’ म्हणत राहिली. उन्हाची बाजू होती ती. शेवटपर्यंत मी खरं सांगितलं नाही. सध्या माझं हे असं चाललं आहे.

शिक्रापूरला स्नेहलचं दुरुस्तीचं दुकान आहे. मी तळेगाव ढमढेऱ्याला शिकवत होतो तेव्हाची ही माझी विद्यार्थिनी. नववीत तिने शाळेचा रेडिओ उघडून त्याचे भाग बाकावर ओळीने मांडले होते, म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला होता. आता दुकानात चारपाच गिऱ्हाईकं ताटकळलेली, आणि मी चादर सोडतो आहे. तिने रायटर हातात घेतला, उलटा केला, आणि विचारलं, ‘सर, आतली वायर बघितली व्हती का?’ दोन माणसं, दोन गावं, एकच प्रश्न. मी हमीच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि अंगठ्याच्या नखाने खर्रकन ओढला. अठरा वर्षांची हमी तेवढ्यात संपली.

आत चपटी, रुंद, कमरपट्ट्यासारखी पट्टी निघाली. मी आणलेल्या नव्या रायटरला बोटाएवढी बारीक वायर लागते. ‘सर, तुमची मशीन जुन्या पट्ट्याची. ह्ये नवं. ह्ये हितं जल्मात लागनार न्हाई.’ मग तिने माळ्यावरून, कुठल्याशा मोडीत निघालेल्या मशीनचा, पट्टीवर चालणारा जुना रायटर काढला. तो पाहून मला अपार बरं वाटलं. आमच्याच पिढीतला वाटला.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण ती म्हणाली, या एका पट्टीवर दोघं बसणार, तुमची जुनी हार्डडिस्क आणि हा रायटर. मागे बारीक टोपी असते, ती लावून एकाला मास्टर करायचं आणि दुसऱ्याला स्लेव्ह. मी विचारलं, म्हणजे मालक आणि गुलाम? म्हणाली, ‘व्हय सर, तसंच नाव हाय.’ दाजी, तुम्ही मला ओळखता. मी तिथेच सांगितलं की माझ्या घरात जे यंत्र येईल ते कोणाचं गुलाम म्हणून येणार नाही. दोघांनाही मालक कर. गिऱ्हाईकं हसली. स्नेहल हसली नाही, तिने मुकाट्याने दोघांनाही मालक केलं आणि बटण दाबलं. पडदा काळा. दोघांपैकी कोणी कोणाला ओळख देईना. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘सर, दोघंबी मालक झाल्यावर काम कोन करनार?’ आपल्या आज्यांनी गावकीची वेठीची कामं टाकली त्या सकाळी साऱ्या गावाने एकमेकांना हेच विचारलं असणार, आणि माझ्या माहितीप्रमाणे गावाला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण हे मी मनात म्हणालो. मागे माणसं खोळंबली होती, आणि एकाला पुढची एसटी गाठायची होती.

तिने दोन्ही टोप्या काढून तिसऱ्याच जागी लावल्या. ‘हे घ्या. वायरीवर सोडलं. टोकाला बसंल त्यो मोठा, मधी बसंल त्यो धाकटा. नाव कुनाचंच लिवलं न्हाई.’ म्हणजे जन्मावरून नाही, बसल्या जागेवरून. आणि जागा वाटेल तेव्हा बदलता येते. त्यातल्या त्यात सुधारणा म्हणायची. पडदा उजळला. निघताना तिने मला वर्गात सांगावं तसं सांगितलं, ‘सर, घरी गेल्यावर जुनी डिस्क घालायची आन् कॉपी दाबायचं. दुसरं कायबी दाबू नका. लक्ष हाय ना?’ मी म्हणालो, आहे.

असो. यंत्र बसलं, चालतं आहे. पिवळ्या डब्याला काळं तोंड, पिकल्या दाढीत एक केस काळा राहावा तसं. तुमचा सल्ला पहिल्याच दिवशी ऐकला असता तर हे पत्र चार ओळींत आटोपलं असतं. ताईला म्हणावं, खिरीला गूळ नेहमीचाच घाल, माझ्यासाठी वेगळं काही नको, माझी लायकी नाही. लोभ आहे तो रविवारनंतरही शिल्लक राहावा, ही विनंती.

आपला,
नवनाथ

ता.क. १ : डिस्क सुखरूप आहे, ओरखडा नाही, स्वच्छ आहे, असं मी वर लिहिलं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ती अगदीच स्वच्छ आहे, दाजी. तिच्यावर काही नाही.

शनिवारी दुपारी घडलं. दीक्षा म्हणाली, ‘बाबा, मी करू का?’ मी म्हणालो, मी आहे ना. डिस्क घातली. पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात ‘कॉपी’ होतं आणि ‘नवीन’ होतं. कामाला सुरुवात करतो आहोत तर ‘नवीन’ बरं, म्हणून ते दाबलं. यंत्राने इंग्रजीत विचारलं: डिस्क कोरी नाही, पुसू का? आता, मी अठ्ठावीस वर्षं शिकवतो आहे. वर्गात पाऊल टाकलं की आधी हातात डस्टर घ्यायचं, मागच्या तासाचं पुसायचं, मग लिहायचं, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. पुसल्याशिवाय खडू उचलला जात नाही. मला वाटलं, प्रती जिथे उतरायच्या ती आतली जागा हे भलं यंत्र साफ करून मागतं आहे. मी मनात त्याची पाठ थोपटली आणि ‘हो’ म्हणालो. त्याने पुढे विचारलं, झटपट पुसू की पूर्ण? दाजी, अर्धवट पुसलेल्या फळ्याची मला किती चीड आहे ते माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. कोपऱ्यात कालची बेरीज, मध्ये आजचा श्लोक. मी ‘पूर्ण’ दाबलं.

पाऊण तास लागला. मी समोर खुर्ची घेऊन बसलो होतो. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि मी चहा पीत होतो. सविता येऊन म्हणाली, ‘झालं का?’ मी म्हणालो, ‘बघ किती मन लावून करतंय.’ गिताआई त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर पुसल्या जात होत्या आणि मी बशीत चहा ओतत होतो.

मग टीव्हीच्या प्लेअरला लावून बघितली. लिहून आलं, डिस्क नाही. काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. डिस्क नाही. सोमवारी शाळेतून परस्पर शिक्रापूर गाठलं आणि स्नेहलला म्हणालो, माझ्या एका मित्राची आहे. तिने ती दिव्यासमोर धरली. म्हणाली, एरवी एकदा लिहिलं की कायमचं. पण शूटिंगवाल्यानं तुमच्या मित्राला आरडब्ल्यू दिली, ही पुसता येते. ‘झटपट पुसली आसती तर कायतरी खटपट केली आसती, सर. ही पार पूर्ण पुसलीया.’ तिने डिस्क माझ्या हातात परत दिली. मग हळूच म्हणाली, ‘मित्र शिक्षक हायत का?’

शूटिंगवाल्याचीही चौकशी केली. दौंडातलं त्याचं दुकान जाऊन तिथे कुरिअरचं ऑफिस झालं आहे आणि त्याने जुन्या कॅसेट कधीच टाकून दिल्या. घरात सविता आणि दीक्षाला माहीत आहे. सविता काही बोलली नाही. पहिल्यांदाच बोलली नाही, त्यावरून काय ते समजा. ताईला मी स्वतः सांगणार आहे, म्हणून शनिवारी संध्याकाळीच येतो. तुम्ही फक्त घरात असा. पुलावर जाऊ नका.

ता.क. २ : आता ते कारण, ज्यासाठी तांब्या जवळ घ्या म्हणालो.

कॅसेट संपली, कॅसेट संपली, असं आपण बारा वर्षं म्हणत आलो. कॅसेट आपली आपण संपत नाही. ती तासाभराची होती. स्वागत, हारतुरे, तुमचे साहेब, यांनी मिळून वीस मिनिटं घेतली. मग मी उभा राहिलो. तुमच्या सेवेविषयी चार शब्द बोलायचे होते; मी ‘कर्तव्य’ या शब्दाच्या उगमापासून निघालो आणि चाळीस मिनिटांना बावीस सेकंद कमी, एवढा वेळ बोललो. बावीस सेकंद गिताआईंना उरले. शूटिंगवाल्याने मला दोनदा मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं. मी मान डोलावून त्याला दाद दिली. तेवढ्यात हॉलमधली माणसं कंटाळून जेवणाच्या रांगेकडे निघाली, ताई वाढायला गेली, साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. मी मागे दाराशी उभा राहून कुणाकडून तरी ‘छान झालं’ ऐकून घेत होतो. कॅसेट संपताच शूटिंगवाल्याने त्यांच्या हातातला माइकही काढून घेतला होता, तरी गिताआईंनी ते वाक्य पुरं केलं, दाजी. मला लांबून त्यांचे हात हलताना दिसले. पण ऐकलं फक्त शेजारी बसलेल्या तुम्ही.

ते वाक्य कसं संपलं हे विचारायचं बारा वर्षं माझ्या मनात आहे. विचारलं नाही, कारण त्याआधी कॅसेट कोणी संपवली हे बोलावं लागलं असतं. दरवर्षी पडदा निळा होतो, सगळे शेपूट जोडतात, तुम्ही उठून टीव्हीकडे जाता, आणि मी तुमच्या पाठीकडे बघत बसतो. तुम्ही मला एका शब्दाने कधी दुखावलं नाहीत. दुखावलं असतंत तर मी लवकर सुटलो असतो. बारा वर्षांपूर्वी त्यांचं अर्धं वाक्य मी खाल्लं, आणि गेल्या शनिवारी उरलेलं अर्धं पुसलं.

आता निळा पडदाही नाही. तेव्हा मागणं असं आहे: त्या दिशी आई पुढे काय म्हणाल्या, ते रविवारी सांगाल का? सगळ्यांसमोर नको असेल तर एकट्या ताईला सांगा. मला नाही कळलं तरी चालेल. आणि सांगायचंच नसेल, तर तेही कळवू नका. नेहमीसारखे उठा आणि पानांचं विचारा. मी समजेन, आणि पाट मांडायला लागेन.

ता.क. ३ : स्नेहल म्हणाली की ही डिस्क हजार वेळा पुसून हजार वेळा लिहिता येते. (माझ्या हातून एक झाली, म्हणजे नऊशे नव्याण्णव उरल्या.) दीक्षाचं म्हणणं आहे की तुम्ही बोलायला तयार झालात तर ती फोनवर तुमचं बोलणं घेईल आणि स्नेहल ते याच डिस्कवर उतरवून देईल, पाच प्रतीही तीच काढेल. यंत्राला मी हात लावणार नाही, तसं सविताने माझ्याकडून लिहून घेतलं आहे. फोनमध्ये कॅसेट नसते, तेव्हा तुम्ही हवं तेवढं बोला, गिताआईंचं सगळं सांगा. मी मागे भिंतीला टेकून गप्प बसेन. मध्ये तोंड उघडलंच तर ताईने मला खुशाल खाली ओढावं. फक्त सुरुवातीला, प्रसंगाची पार्श्वभूमी म्हणून, प्रास्ताविकाची दोन मिनिटं घेईन म्हणतो. मुद्दे काढून ठेवले आहेत. तूर्त अकरा झालेत.